मित्राबरोबर गाडीने जाऊन सातारा-सांगलीकडे घराण्याचं मूळ कसं शोधावं?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा मुंबईच्या गिरणीत आले, त्यांच्या एका जुन्या कागदावर ‘ता. तासगाव, जि. सातारा’ एवढंच आहे, आणि मित्राची गाडी घेऊन चार दिवस साताऱ्याला जायचा बेत आहे. बेत चांगला आहे, पण मुक्काम साताऱ्यात ठेवू नका. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे तुमचं गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. तालुकाही बदललेला असू शकतो, कारण जुन्या तासगावातली कित्येक गावं आता पलूसमध्ये आहेत, आणि खानापुरातली कडेगावात.

घराणं शोधायचं तर आधी त्या काळी गाव कोणाच्या अमलात होतं ते शोधा, कारण कागद त्या अमलाच्या मागे जातात. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होतं. सांगली, मिरज, जत, फलटण ही स्वतंत्र संस्थानं होती आणि 1948 मध्ये ती विलीन झाली. संस्थानी गावात ब्रिटिश जिल्ह्यासारखी सलग रजिस्टरं मिळतीलच असं धरू नका. गावच सापडत नसेल तर धरणाचा विचार करा. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या जावळी-पाटणमधल्या गावांची माणसं सोलापूर, सांगली, रत्नागिरी, ठाणे अशी विखुरली. त्यांची आजची वस्ती एकीकडे आणि जुनं दप्तर दुसरीकडे असतं.

तहसील कुठे आहे तेही आधीच बघा, नाहीतर अर्धा दिवस फुकट जातो. वाळवा तालुक्याचं तहसील इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर), खानापूरचं विट्याला, माणचं दहिवडीला, खटावचं वडूजला, जावळीचं मेढ्याला. सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणून चार दिवस सोमवार ते गुरुवार धरा. मार्चअखेर टाळा, तेव्हा सगळे वसुलीत असतात.

निघण्यापूर्वी घरून आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कुलदैवत, देवक आणि मिळाली तर जमिनीची कुठलीही पावती एका कागदावर उतरवून घ्या. कुलदैवताला कमी लेखू नका. पालीचा खंडोबा, म्हसवडचा किंवा खरसुंडीचा सिद्धनाथ, औंधची यमाई, यावरून भावकी ओळखता येते. आडनावावर मात्र फार विसंबू नका. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही कामाची नावं आहेत, आणि गावावरून आडनाव बदललेली घराणी या भागात भरपूर आहेत. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, जतचे डफळे मूळचे चव्हाण.

आता कागद. सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा आणि मागे मागे जा. सातबाऱ्यावर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, यांचे क्रमांक असतात. त्यातले ‘वारस’ शेऱ्याचे फेरफार काढा. खातेदार कधी मयत झाला आणि मागे कोण कोण होतं हे एका परिच्छेदात मिळतं, कधी लग्न झालेल्या मुलींचीही नावं येतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक. बाप लवकर गेला असेल तर तिथे बहुतेक वेळा आईचं नाव असतं, आणि तिचं नाव दुसऱ्या कागदात सहसा सापडत नाही. ही ओळ दिसली की फोटो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मागे जाताना हमखास अडकण्याची जागा म्हणजे गट नंबर. 1947 च्या कायद्याने एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या फेरफारात आजचा नंबर शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचे 9(3) आणि 9(4) चे उतारे मागा, त्यावरून कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते कळतं. त्याच्याही मागे जायचं तर कडईपत्रक, म्हणजे जुन्या मोजणीच्या काळचं जमिनीचं पत्रक, बघा.

जमीन नसलेल्या घरांसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, हा मोठा आधार आहे. वतनी, म्हणजे गावची वंशपरंपरेने चालत आलेली कामं करणाऱ्या घरांची नावं वतनाच्या कागदांत सापडतात. कनिष्ठ ग्रामवतनं 1958 च्या कायद्याने गेली, त्या वेळचे निर्णयही बघा. शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका.

कोतवाल बुक बहुधा मोडी लिपीत असतं. मोडीत शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून अख्खी ओळ वाचायला जाऊ नका. आधी ‘बिन’ शोधा. ‘राणू बिन कुसाजी’ म्हणजे कुसाजीचा मुलगा राणू. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ येतं, त्यापुढचं नाव नवऱ्याचं. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव पुष्कळदा नसतंच, फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगा’ असतं. म्हणून घरातल्या ठाऊक नावांचं मोडी वळण आधी जाणकाराकडून कागदावर काढून घ्या आणि ते शेजारी ठेवून पानं उलटा. इसवी सन काढायला, सन शके असेल तर 78 मिळवा, फसली (महसुली सन) असेल तर 590 किंवा 591, सुहूर (अरबी सन) असेल तर 599 किंवा 600. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात पुष्कळ दप्तरं चाळली गेली आहेत, तेव्हा आपल्या गावाच्या नोंदींचं स्कॅनिंग झालंय का हे आधी विचारा. तेवढं जुनं पान कमी हाताळलं जातं.

मित्राचा खरा उपयोग इथे होतो. एकाने पान उलटायचं आणि वाचायचं, दुसऱ्याने आधी रजिस्टरचं कव्हर, मग पान नंबर, मग नोंद अशा क्रमाने फोटो काढायचे. गाव, नमुना, वर्ष, पान ही माहिती नसेल तर नंतर सहीशिक्क्याची नक्कल मागता येत नाही. बोटाला थुंकी लावू नका, फ्लॅश नको, खिडकीचा तिरपा उजेड पुरतो.

गावात गेल्यावर पहिला प्रश्न जमिनीचा काढू नका. मुंबईहून गाडी आली आणि सातबारा विचारला की भावकीला वाटतं हिस्सा मागायला आले. देवळात जा, ग्रामदैवताची सेवा, यात्रेतला मान आणि पालखीचा खांदा कोणाकडे ते विचारा. भावकीची रचना त्यातूनच उलगडते. वाद निघाला तर बोलणं मित्राकडे द्या, त्याला जमिनीत हक्क नाही हे सगळ्यांना माहीत असतं. कृष्णाकाठच्या गावांत 2005 आणि 2019 च्या पुरात घरोघरचे कागद गेलेत, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्याला जास्त किंमत द्या.

आणि हेळवी विचाराच. कर्नाटकातून सुगीनंतर येणारे हेळवी सांगली आणि दक्षिण साताऱ्यातल्या घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवतात आणि वाचून दाखवतात. आपल्या भावकीचा हेळवी कोण, कधी येतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असतं. तसंच क्षेत्र माहुली, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावाप्रमाणे नामावळी असते. या वंशावळींत मागच्या पिढ्या कधी ऐकीव असतात, म्हणून त्यातली निदान एक पिढी सरकारी कागदाशी जुळते का ते पाहा आणि मगच त्यामागची धरा.

नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांना मागे दिवा असतोच असं नाही, रात्रीचा प्रवास टाळा. नक्कल त्याच दिवशी हातात पडेल असं समजू नका. अर्जाची पोच घ्या आणि नक्कल उचलायला भावकीतल्याच एखाद्याला अधिकारपत्र देऊन या.