कानाने ऐकून गिटार वाजवता येत असेल, तर थिअरी शिकायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की ऐकून ऐकून बरीच गाणी बसतात, पण थिअरीच्या मागे लागलो तर वाजवण्यातली मजा जाईल अशी धास्ती वाटते. मलाही हीच धास्ती होती आणि तिच्यापायी मी बरीच वर्षं उगाच चाचपडलो.

जी मेजरमधलं एक गाणं बसवत होतो. जी, ई मायनर, सी या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पटापट सापडल्या. पण ओळ संपताना, सीवरून परत जीवर यायच्या आधी, काहीतरी वेगळंच वाजत होतं. काळजाला हात घालणारं. गुणगुणता येत होतं, कॉर्ड मात्र मिळेना. एफ, डी, ए मायनर, सगळं लावून पाहिलं. दोन संध्याकाळी गेल्या.

शेवटी कॉर्ड सोडून एकच तार धरली. उघड्या सी कॉर्डमध्ये चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या घरात, ई असतो. तिथून पहिला फ्रेट, म्हणजे ई फ्लॅट. मग मोकळी तार, डी. जीला सा मानलं तर शुद्ध ध, कोमल ध, प. हेच तर वाजत होतं! सी कॉर्डमधला ई एक फ्रेट खाली आला की ती सी मायनर होते, म्हणजे मधली कॉर्ड सी मायनर.

आता हा सूर पकडला कानानेच, त्यात वाद नाही. पण मेजर स्केलमधली (सात सुरांच्या पट्टीतली) चौथी कॉर्ड, म्हणजे सापासून चौथ्या सुरावरची, मेजर असते आणि इथे ती मायनर झालीय, हे मला तेव्हा समजलं. त्यानंतर ए मेजरच्या गाण्यात तीच उतरण ऐकू आली, तेव्हा बोटं थेट डी मायनरवर गेली. दोन संध्याकाळींचं काम दोन सेकंदांत झालं.

एरवीही शोध आटोपशीर होतो. सा सापडला की त्या स्केलच्या सातच कॉर्ड आधी तपासायच्या. खालचा बेस ऐकून मूळ सूर कळतो. मेजर की मायनर हे तिसऱ्या सुरावर ठरतं, फरक एका फ्रेटचा.

पुस्तकापासून मात्र सुरुवात करू नका. तुमची आधीच बसलेली पाच-सहा गाणी घ्या आणि त्यांच्या कॉर्ड आकड्यांत लिहा. जी मेजरमध्ये जीपासून सूर मोजले, तर जी, ई मायनर, सी, डी म्हणजे 1, 6, 4, 5. वेगवेगळ्या पट्टीतली दोन गाणी कागदावर हुबेहूब सारखी निघाली, की मग दोन्ही पुन्हा ऐका.