कवळीवरचा चिकट थर

प्रश्न : माझ्या सासूबाईंनी ३ वर्षांपूर्वी पूर्ण कवळी बसवून घेतली. रोज टूथपेस्ट लावून घासूनही तिच्यावर चिकट थर बसतो, वास येतो आणि अलीकडे त्यांची टाळूही लाल दिसते. आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते, त्याचा हा परिणाम असेल का? कवळी उकळत्या पाण्यात टाकावी, असे शेजारी सुचवतात. (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : टँकरला दोष देण्याआधी टूथपेस्टकडे पाहावे लागेल. कवळीचा गुलाबी भाग ॲक्रिलिक या प्लास्टिकचा असतो आणि ते दातांवरील इनॅमलपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे पेस्टमधील खरखरीत कणांनी त्यावर बारीक ओरखडे पडतात. जिवाणू आणि कँडिडा ही बुरशी नेमकी त्यांतच ठाण मांडतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा साधारण ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला, की जिवाणूंचा थर अधिक साचतो, असे दंतसाहित्याच्या शास्त्रात मानले जाते. लॅबमध्ये कवळी चकचकीत पॉलिश करतात, ती केवळ शोभेसाठी नव्हे. टाळूला टेकणारी आतली बाजू मात्र पॉलिश करत नाहीत, कारण तसे केल्यास कवळी नीट बसणार नाही. म्हणून सफाईत खरे लक्ष त्या बाजूकडे हवे, आणि घरोघरी घासले जातात ते समोरचे दात!

पेस्टऐवजी भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ ब्रश वापरावा. ओली कवळी हातातून सहज निसटते, तेव्हा बेसिनमध्ये थोडे पाणी भरून ठेवावे. रात्री ती काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. टाळूला तेवढीच विश्रांती मिळते. कवळी भिजवण्याच्या पाण्यात टाकायच्या, बाजारातील फसफसणाऱ्या गोळ्यांनी थर सैल होतो, पण ब्रशचे काम टळत नाही आणि कवळी पुन्हा तोंडात घालण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावीच लागते. उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक वाकते, त्यामुळे शेजाऱ्यांचा सल्ला सोडून द्यावा. घट्ट पांढरा थर बहुधा लाळेतील कॅल्शियमच्या क्षारांचा असतो. तो सुरीने न खरवडता दंतवैद्यांकडून काढून घ्यावा.

टाळूची लाली बुरशीमुळे असण्याची शक्यता बरीच आहे, विशेषतः सासूबाई कवळी घालूनच झोपत असतील तर. त्यांना मधुमेह असल्यास दंतवैद्यांना तसे आवर्जून सांगावे. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयातही तपासणी करून घेता येईल. औषध केवळ टाळूला लावून कवळी तशीच अस्वच्छ ठेवली, तर संसर्ग पुन्हा उद्भवतो, म्हणून तपासणीला जाताना कवळी बरोबर न्यावी.