दुकानात वाईट सेवा मिळाली, तर त्या कंपनीचे शेअर विकावेत का?

तुमच्याकडे कपड्यांच्या एका मोठ्या साखळीचे शेअर आहेत. दोन महिन्यांत तिच्या दुकानात तीनदा डोकं फिरलं, आणि तिमाही निकाल मात्र झकास लागले. म्हणून तुम्ही विचारताय, विकू का? आणि दुकानातल्या सेवेवरून कंपनी जोखता येते का?

जोखता येते. फक्त ज्या गोष्टीने तुमचं डोकं फिरलं, तिच्यावरून बहुतेक वेळा येत नाही.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. काही वर्षांपूर्वी बुटांच्या एका साखळीचे शेअर माझ्याकडे होते. एकदा बूट परत करायला गेलो. न वापरलेले, खोक्यात, बिलासकट. काउंटरवरच्या मुलाने खोकं उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "सर येतील." सर चाळीस मिनिटांनी आले, स्क्रीनकडे बघून "सिस्टीम घेत नाहीये" म्हणाले आणि गेले. त्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू सिस्टीम मीच बिघडवली. घरी आलो, रात्रीच विक्रीची ऑर्डर टाकून ठेवली आणि सकाळी सगळे शेअर विकून मोकळा झालो. केवढं समाधान! पुढे दोन-अडीच वर्षांनी, खरं सांगायचं तर कंपनी कशी बुडतेय ते बघायला, तिचा वार्षिक अहवाल उघडला. त्यात दुकानांची यादी होती. मी भांडून आलो ते दुकान फ्रँचायझीचं, म्हणजे कंपनीचं नाव लावून दुसऱ्याच मालकाने चालवलेलं, निघालं. तो मुलगा आणि ते सर, दोघेही कंपनीचे पगारदारच नव्हते. शेअर तोवर दुपटीच्या वर गेला होता.

उलटंही केलंय. एका दुकानात पाय ठेवताच तिघांनी स्वागत केलं, एकाने खुर्ची दिली, एकीने माझ्या मापाचे चार शर्ट न मागता आणून दाखवले. भारावलो, आणि त्याच आठवड्यात शेअर घेतले. साठ टक्के घसरल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की त्या शनिवारी संध्याकाळी दुकानात पाच सेल्समन आणि दोनच गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक मी. एवढी सरबराई झाली कारण त्यांना दुसरं कामच नव्हतं.

तेव्हापासून मी दुकानातल्या गोष्टी दोन ढिगांत टाकतो. कोण हसलं, कोण खेकसलं, कोणी फोनमधून मान वर काढली नाही, हा एक ढीग. हे त्या माणसाचं, फार तर त्या स्टोअर मॅनेजरचं. दुसरा ढीग हेड ऑफिसच्या निर्णयांचा: बारा काउंटरपैकी किती चालू, एका मजल्यावर किती माणसं, फाटलेलं पोस्टर किती महिने तसंच लटकतंय, साधी वस्तू परत घ्यायचा अधिकार काउंटरवर आहे की "सर येतील". पहिल्या ढिगाने राग येतो, पण पैशांच्या दृष्टीने बघण्यासारखा दुसराच.

का, ते थोडा हिशेब मांडला की कळतं. समजा दुकानाची विक्री 100. त्यात मालाची किंमत 72, पगार 10, भाडं, वीज, वाहतूक वगैरे 14. उरले 4. आता कोणी हुशार व्यवस्थापकाने पगारखर्च 10 वरून 9 वर आणला. नफा 4 चा 5 झाला. एकही जास्तीची वस्तू न विकता 25 टक्के वाढ! निकालाच्या दिवशी शेअर उसळतो, निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांशी फोनवर बोलतं त्या कॉन्फरन्स कॉलवर 'कार्यक्षमता' हा शब्द वीसदा येतो. गिऱ्हाईक काही त्याच दिवशी तुटत नाही. ते एकदा रांग बघून परत जातं, एकदा हवं ते माप मिळत नाही म्हणून जातं, आणि वर्षभराने कधीतरी त्याच्या लक्षात येतं की आपण आता त्या दुकानात जातच नाही. म्हणजे माणसं कमी करून दाखवलेला नफा हे एक प्रकारचं कर्जच, फक्त ते ताळेबंदात दिसत नाही. निकाल उत्तम आणि दुकानात वैताग, हे तुम्हाला परस्परविरोधी वाटतंय. ते एकाच नाण्याच्या दोन बाजू असू शकतात.

याचं नावाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या होम डेपोचं. घरदुरुस्तीच्या सामानाची ही साखळी 1978 मध्ये सुरू झाली. तिची ताकद म्हणजे नारिंगी ॲप्रन घातलेली माणसं. त्यांच्यात स्वतः प्लंबिंगची, वायरिंगची कामं करून आलेले बरेच असत, त्यामुळे नळ गळतोय म्हटलं की वॉशर कोणता ते हातात ठेवत. डिसेंबर 2000 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधून रॉबर्ट नार्डेली तिथे प्रमुख म्हणून आले. खर्चावर लगाम घातला, अर्धवेळ कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढवलं. आकडे बघाल तर स्वप्नवत: पाच वर्षांत विक्री सुमारे 46 अब्ज डॉलरवरून 81 अब्जांच्या पुढे, नफा दुपटीहून जास्त. दुकानात मात्र माणूस शोधत फिरावं लागे आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढत गेल्या. शेअर एवढ्या वर्षांत जवळपास जिथल्या तिथे राहिला आणि जानेवारी 2007 मध्ये नार्डेली सुमारे 21 कोटी डॉलरचं पॅकेज घेऊन बाहेर पडले. सगळा दोष सेवेवर टाकणंही बरोबर नाही. 2000 साली तो शेअर मुळात फारच महाग होता. पण नफा दुप्पट होऊनही बाजार भाव द्यायला तयार नव्हता, याचं कारण निम्मं तरी दुकानात उभं राहून दिसत होतं.

सर्किट सिटीने तर कमालच केली. इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या या अमेरिकन साखळीने मार्च 2007 मध्ये सुमारे 3,400 विक्रेत्यांना काढलं. कारण? त्यांचा पगार बाजारभावापेक्षा जास्त होता! दहा आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करायची मुभा दिली होती, हे वर. पगार जास्त म्हणजे अनुभव जास्त, म्हणजे टीव्ही विकता येणारी माणसं तीच. नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी 2009 मध्ये दुकानं कायमची बंद करायचं जाहीर झालं. मंदी होती, मान्य. पण त्याच धंद्यातली बेस्ट बाय तगली. 2012 मध्ये तीही गाळात असताना ह्यूबर्ट जोली प्रमुख झाले, आणि सुरुवातीचे दिवस त्यांनी एका दुकानात कर्मचाऱ्यांबरोबर काढले. आधी बंद केलेली कर्मचाऱ्यांची खरेदीवरची सवलत पुन्हा चालू केली आणि ऑनलाइन भावाशी बरोबरी करायचं आश्वासन गिऱ्हाइकांना दिलं. शेअर पुढच्या काही वर्षांत कित्येक पट झाला.

उलट दिशेने बाजार कसा चुकतो तेही बघा. वॉलमार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या साखळीने 2015 मध्ये पगार वाढवले, आणि त्या खर्चामुळे नफा घटेल असं ऑक्टोबरमध्ये सांगितलं. शेअर एका दिवसात सुमारे 10 टक्के पडला. त्यानंतर तिच्या अमेरिकेतल्या जुन्या दुकानांची विक्री वर्षानुवर्षं वाढत राहिली. त्या दिवशी विकणाऱ्यांनी पगाराचा आकडा पाहिला. दुकानं आधीपेक्षा नीटनेटकी होतायत का, हे फारसं कोणी बघायला गेलं नसावं.

आता 'चांगली सेवा' म्हणजे काय, यातही आपली गल्लत होते. कॉस्टको ही अमेरिकन साखळी, जिथे वार्षिक वर्गणी भरलेल्या सदस्यांनाच खरेदी करता येते, पिशवीसुद्धा देत नाही. माल लाकडी पॅलेटवर तसाच ठेवलेला, मदतीला माणसं मोजकी. तरी तिचे सुमारे 90 टक्के सदस्य पैसे भरून सदस्यत्व पुढे चालू ठेवतात, कारण ते स्वस्त आणि भरवशाचा माल घ्यायला येतात आणि तो त्यांना मिळतो. कंपनी मालावर साधारण 14-15 टक्क्यांपेक्षा जास्त नफा चढवत नाही. अशा दुकानात कोणी खुर्ची दिली नाही म्हणून नाक मुरडणं हास्यास्पद. दागिन्यांच्या दुकानात मात्र तीच गोष्ट गंभीर. दुकानाने जे कबूल केलंय ते मिळतं का, एवढंच बघायचं.

मी प्रत्यक्षात काय करतो ते सांगतो. एकाच कंपनीची किमान सहा-सात दुकानं, शक्यतो वेगवेगळ्या वस्त्यांतली. कामाच्या दिवशी दुपारी एकदा, शनिवारी संध्याकाळी एकदा. बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास माझा आवडता, कारण तेव्हा दुकान थकलेलं असतं आणि खरं बोलतं. कपड्यांच्या दुकानात मी सरळ ट्रायल रूमकडे जातो. घालून बघून नाकारलेल्या कपड्यांचा स्टँड तिथे असतो. तो तुडुंब भरून खाली ढीग लागला असेल, तर त्यातला प्रत्येक कपडा कॉम्प्युटरच्या लेखी 'शिल्लक' आहे आणि रॅकवर मात्र नाही. ते माप शोधणारा माणूस "नाही वाटतं" म्हणून निघून जातो. अभ्यासक याला फँटम स्टॉकआउट म्हणतात: माल आहे, पण गिऱ्हाइकापुरता नाही. ते कपडे जागेवर लावायला दोन माणसं लागतात, आणि पगारखर्च कापताना पहिली जातात तीच दोन. एकदा अशाच ढिगात मला हवा होता तोच शर्ट, हव्या त्याच मापाचा सापडला. पाच मिनिटांपूर्वी सेल्समनने "संपला" म्हणून सांगितलं होतं. खोटं नव्हता बोलत बिचारा, त्याला माहीतच नव्हतं.

मग मी कोणाला तरी सहज विचारतो, "किती दिवस झाले इथे?" सात दुकानांत सात जणांनी "दोन-तीन महिने" सांगितलं, तर माणसं टिकत नाहीत एवढं कळलं. याच्या पुढे जायचं नाही. "या महिन्यात धंदा किती झाला" वगैरे मॅनेजरला खोदून विचारणं त्याची नोकरी धोक्यात घालणं आहे, आणि अप्रकाशित माहितीवर व्यवहार केलात तर तुमच्याही गळ्याशी येईल.

हे सगळं वहीत उतरवून घरी येतो आणि अहवाल उघडतो. विक्रीच्या तुलनेत कर्मचारीखर्च तीन वर्षांत कसा बदलला? दुकानं वाढली, पण माणसं? जुन्या दुकानांची विक्री वाढली असेल, तर गिऱ्हाइकं वाढली की नुसते भाव? माल किती दिवस पडून राहतो? दुकानांच्या डागडुजीवरचा भांडवली खर्च घसाऱ्यापेक्षा, म्हणजे वापराने मालमत्तेची दरवर्षी धरलेल्या झिजेपेक्षा, कमी आहे का? सिअर्स या जुन्या अमेरिकन साखळीत वर्षानुवर्षं तो तसाच होता. दुकानं डोळ्यांदेखत विटत गेली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये दिवाळखोरी आली. पुरवठादारांची देणी आणि रिकामी शेल्फंही एकत्र वाचायची. माल का नाही, याचं कारण कधी ढिसाळपणा असतं, तर कधी पुरवठादाराने उधारीवर माल द्यायचं थांबवलेलं असतं, आणि हे दुसरं कारण फार वाईट.

अमेरिकेतले नावाजलेले फंड व्यवस्थापक पीटर लिंच यांचं नाव घेऊन कोणी सांगेल की दुकान आवडलं की शेअर घ्या. त्यांच्या पत्नीला दुकानात आवडलेल्या मोज्यांवरून त्यांनी हेन्स कंपनी हेरली ही गोष्ट खरी. पण हेरल्यावर त्यांनी हिशेब तपासले होते, आणि नुसतं दुकान आवडलं म्हणून शेअर घ्या असं आपण कधीच म्हटलं नाही, हे त्यांना पुढे वारंवार सांगावं लागलं.

तुमच्या बाबतीत मी आधी ते दुकान कंपनीचं आहे की फ्रँचायझीचं, ते बघेन. कंपनीचं असेल तर तुमचे तीन अनुभव कोणत्या ढिगातले ते ठरवा. उद्धट उत्तर मिळालं असेल तर सोडून द्या. तीनही वेळा रांग, न मिळालेलं माप, अधिकार नसलेला काउंटर असं असेल, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आणखी चार-पाच दुकानं बघून या आणि मग कर्मचारीखर्चाची ती ओळ शोधा. खर्च घसरलाय, नफा त्याच सुमारास उसळलाय आणि गिऱ्हाइकांची संख्या सपाट आहे, असं दिसलं तर मी निम्मे तरी विकेन, तेही आजच्या चांगल्या निकालांमुळे भाव चढा असतानाच. खर्च घसरलेला नसेल तर ठेवेन, आणि खरेदीसाठी दुसरीकडे जाईन.