स्वयंपाकघरातल्या सागवानी जमिनीला मेलामाइन नको

इंदूरच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर आहे, खाली सागवानी फळ्या आहेत, आणि पॉलिशवाला मेलामाइन मारू म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून मारू देऊ नका. मेलामाइन कपाटाला उत्तम. पण जमिनीच्या फळ्या मे महिन्यात आकसतात, पावसाळ्यात फुगतात. त्या ओढाताणीत हा कडक थर सांध्यावर तडकतो आणि तिथूनच पाणी आत शिरतं. लाखेच्या पॉलिशवर तर गरम पातेलं टेकलं की पांढरा डाग पडतो.

जमिनीसाठी बनवलेलं, पाण्यावर आधारित, दोन भागांचं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश घ्या. मॅटच घ्या, चकचकीतवर प्रत्येक ओरखडा दिसतो. 100 चौरस फुटांना एका हाताला साधारण एक लिटर लागतं; तीन हात द्यायचे. हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा दुसरा भाग, डब्यावर दिलेल्या प्रमाणात मापूनच घाला, कमी पडला तर थर मऊ राहतो. डबा तळापासून ढवळा, नाहीतर मॅटची पावडर खालीच राहते आणि जमीन ठिगळासारखी दिसते.

खरी मेहनत त्याआधीची. 60, 80, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. जुनं मेण कुठेही उरता कामा नये. साग मुळात तेलकट, त्यामुळे थर सालपटासारखा सुटतो. म्हणून पांढऱ्या फडक्याने थिनर फिरवा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. थिनर पूर्ण उडाला की त्याच दिवशी पहिला हात. गॅस बंद, खिडक्या उघड्या. पुढच्या प्रत्येक हाताआधी 220 ने हलकं घासून धूळ पुसा.

पहिल्या हाताआधी सिंकपुढच्या फळ्या वाकून बघा. खिळ्याभोवती काळं वर्तुळ असेल तर ते लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांचं काम. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ते निघतं (हातमोजे घालाच). नंतर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. फळ्यांची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, तिथे एक हात जास्त. फटींमध्ये मात्र कडक पुट्टी भरू नका, पावसाळ्यात ती उचकटून वर येते.

काम दिवाळीनंतर काढा. भर पावसाळ्यात थर वाळत नाही, मे महिन्यात ब्रश फिरवेपर्यंत वाळतो. दुसऱ्या दिवशी अनवाणी चाललं तर चालेल, पण आठवडाभर पाणी सांडू नका, पायपुसणी दोन आठवडे नको.

पुढे दर सहा महिन्यांनी ओट्यापुढे पाण्याचा थेंब टाकून पाहा. पाच मिनिटांत खाली लाकूड गडद झालं, तर 220 ने घासून एक हात द्या. लाकूड राखाडी पडेपर्यंत थांबलात तर पुन्हा 60 पासून सुरुवात.