गोफण आणि तिरकमठा

चि. ईशान यास अनेक आशीर्वाद.

राम आणि अर्जुन यांच्या हाती धनुष्य होते, मग आपल्या आजोबांच्या खुंटीला नुसती दोरीची गोफण का, त्यांना धनुष्य परवडत नव्हते का, असे तू काल झोपताना विचारलेस. मला तेव्हा डुलकी लागत होती, म्हणून आज नीट लिहितो.

परवडण्याची गोष्ट थोडी खरी आहे. धनुष्याला योग्य लाकूड किंवा बांबू लागतो, प्रत्यंचा लागते आणि एकेक बाण सरळ करून त्याला पिसे व टोक बसवावे लागते. गोफणीला मात्र आंबाडीच्या दोन दोऱ्या आणि मध्ये तळहाताएवढी विणलेली पट्टी पुरते. पण खरे कारण जागेचे आहे. ज्वारीचे दाणे भरू लागले की पोपट आणि भोरड्या थव्याने उतरतात. शेताच्या मधोमध उभारलेल्या माळ्यावर चढलेल्या राखणदाराला एकेका पाखराचा वेध घ्यायचा नसतो, अख्खा थवा उठवायचा असतो. आजोबा एका दोरीचा फासा मधल्या बोटात अडकवत, दुसऱ्या दोरीची गाठ चिमटीत धरत, पट्टीत गुंडा म्हणजे गोल दगड ठेवून डोक्याभोवती एक-दोन फेरे देत आणि गाठ सोडत. दोरीच्या सुट्या टोकाचा चाबकासारखा फटकारा निघे, आणि गुंडा पडण्याआधीच अर्धा थवा उडालेला असे. काळ्या मातीत दगड मिळाला नाही, तर ढेकूळही चाले. सोडलेला बाण मात्र उभ्या पिकात शोधत कोण बसणार?

दोन्हींची करणी मुळातच वेगळी आहे. धनुष्य ओढताना तुझ्या हाताचे बळ त्याच्या वाकलेल्या काठीत साठते आणि प्रत्यंचा सोडताच एकदम बाणाला मिळते. गोफण काहीच साठवत नाही. ती तुझा हातच लांब करते, आणि फिरणारा हात जितका लांब, तितका त्याच्या टोकाशी असलेल्या दगडाचा वेग जास्त. म्हणून धनुष्यात बाण डोळ्यासमोर रोखून नेम धरता येतो, तर गोफणीत सारा नेम गाठ सोडण्याच्या क्षणात असतो. माझी पहिली गाठ उशिरा सुटली होती, आणि गुंडा पाखरांकडे जाण्याऐवजी मागे ठेवलेल्या पाण्याच्या मडक्यात गेला.

गोफणीला दुबळे समजू नकोस. इ. स. पू. ४०१ मध्ये पर्शियन राज्यातून परतीची वाट कापणाऱ्या ग्रीक सैन्यात ऱ्होड्स बेटावरचे गोफणवाले होते. त्यांच्या शिशाच्या गोळ्या पर्शियन गोफणींच्या दगडांपेक्षा दूर जात, इतकेच नव्हे तर बहुतेक पर्शियन तिरंदाजांच्या बाणांपेक्षाही दूर जात, असे त्या सैन्यात असलेल्या झेनोफनने लिहून ठेवले आहे. बाण अंगात रुततो. गुंडा सहसा रुतत नाही, पण हाड मोडू शकतो.

गोफणीची खरी अडचण अशी की तिला चहूबाजूंनी मोकळी जागा हवी. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या सैनिकांना ती फिरवता येत नाही, आणि दाट झाडीत तर दोरी पहिल्याच फांदीत गुंतेल. म्हणूनच सातपुड्यातल्या भिल्लांकडे तिरकमठा दिसतो. तो बांबूचा असतो आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिवट सालीची असते, म्हणजे जंगलानेच पुरवलेले ते हत्यार आहे. तुला माझे मत हवे असेल, तर शिकारीला मी धनुष्य घेईन आणि राखणीला गोफण. पण मनातून मला गोफण अधिक आवडते, हे कबूल करतो.

आपल्या भाषेने मात्र थोडा पक्षपात केला आहे. हमखास गुण देणाऱ्या औषधाला आपण रामबाण म्हणतो, आणि अचानक येऊन लागणाऱ्या बोचऱ्या बोलण्याला गोफणगुंडा.

आजोबांची गोफण अजून खुंटीवर आहे, पण आंबाडी ठिसूळ झाली असेल, तेव्हा सुट्टीत गेल्यावर दोऱ्या नव्याने वळाव्या लागतील. मी फिरवीन तेव्हा तू माझ्या मागे उभा राहू नकोस.

तुझा,
बाबा