नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या डोंगरउतारावर वनपट्ट्याचा (कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा) दावा प्रलंबित असताना तिथे रोपवन करावं का?

नाही, आधी दाव्याचा निकाल लागू द्या. माती अडवण्याचं काम मात्र दावेदाराला सोबत घेऊन याच उन्हाळ्यात सुरू करा. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ४(५) नुसार दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हटवता येत नाही. नागलीच्या वावरात सागाचे खड्डे खोदले तर रोपं कोण राखणार? लोकांना नको असलेलं झाड दुसरा उन्हाळा बघत नाही. आणि माती रोपाची वाट बघत थांबत नाही, पहिल्याच मोठ्या पावसात ओहळ तांबडा होऊन वाहतो. म्हणून:

- उताराला आडवे समतल चर, घळीत दगडी बांध
- बांधावर बांबू, आंबा, काजू. बांबू या कायद्यात गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आहे, त्यामुळे हक्क मिळाल्यावर तोडून विकता येतो
- माथ्यावरचं रान ग्रामसभेने सामूहिक हक्कात घेऊन चराईबंदीने राखावं. तोडलेल्या झाडांची खोडं जिवंत असतील तर तीच पुन्हा फुटतात, तिथे वेगळी लागवडही लागत नाही

एक मर्यादा आहे: १३ डिसेंबर २००५ नंतर जंगल तोडून कसायला घेतलेल्या जमिनीवर वनपट्ट्याचा हक्क लागू होत नाही.