वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेली होडी सरळ का जात नाही?

रिमोटवर चालणाऱ्या घरगुती होड्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. होडी नीट ऐकत नाही, ही तक्रार पाचही पत्रांत आहे. कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी आहेत.

प्रश्न : प्लायवूडची ६० सेंमी लांबीची, व्ही आकाराच्या तळाची होडी बांधली आहे. ब्रशलेस मोटार, ४० मिमीचा दोन पात्यांचा पंखा, ३०० ग्रॅमची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. एकूण वजन दीड किलो. मेहरूण तलावात अर्ध्या वेगापर्यंत छान चालते. पूर्ण वेग दिला की डाव्या अंगावर कलते, डावीकडेच वळते आणि पुढचं टोक पाण्यावर आपटत राहतं. रिमोटचं ट्रिम (सुकाणूची मधली जागा थोडी इकडे-तिकडे करणारी कळ) उजवीकडे शेवटपर्यंत नेलं, तरी सुधारणा नाही. (एक वाचक, जळगाव)

उत्तर : ट्रिम आधी मध्यावर आणा. सुकाणू कायम तिरपं धरून दोष झाकला, तर होडीचा वेग जातो आणि कमी वेगात ती उलट बाजूला ओढू लागते. तुमच्या होडीत दोन वेगळे दोष आहेत. ते एकत्र सोडवायला गेलात तर एकही सुटणार नाही.

पहिला दोष कलण्याचा. होडीच्या मागे उभं राहून पाहा. पुढे जाताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर त्याची प्रतिक्रिया म्हणून होडीचं अंग उलट, म्हणजे डावीकडे पिळलं जातं. शिवाय असा पंखा होडीची मागची बाजू उजवीकडे ढकलतो, म्हणून पुढचं टोक डावीकडे जातं. खात्री करायची तर पूर्ण वेगात असताना थ्रॉटल, म्हणजे वेगाची कळ, एकदम सोडा. ओढ तत्काळ थांबली तर दोष पंख्याच्या पिळाचा. मोटार बंद असतानाही होडी डावीकडेच घसरत राहिली, तर वजन, तळ किंवा सुकाणू यांत वाकडेपणा आहे.

पिळाचा असेल तर आधी बॅटरी उजवीकडे सरकवा. ३०० ग्रॅमची बॅटरी १ सेंमी सरकवणं म्हणजे मध्यरेषेपासून ६ सेंमीवर ५० ग्रॅमचं वजन ठेवण्याइतकं आहे, आणि तेही होडीचं वजन न वाढवता. एका वेळी ५ मिमीच सरकवा. पाण्यात थांबलेली असताना होडी थोडी उजवीकडे झुकलेली दिसेल. बोटभर झुकली तर मात्र अति झालं.

त्याने भागलं नाही तर पंखा लहान करा. ४० ऐवजी त्याच घाटाचा ३६ मिमीचा पंखा लावला, तर तेवढ्याच फेऱ्यांना लागणारा पीळ जवळपास ४० टक्क्यांनी उतरतो. पंखा हलका झाल्यामुळे मोटार थोडी जास्त फिरते, म्हणून प्रत्यक्षातली घट त्याहून कमी असते, पण फरक स्पष्ट जाणवतो. मोटार आणि स्पीड कंट्रोलरही कमी तापतात. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हा फायदा लहान नाही.

तिसरा उपाय म्हणजे मागच्या फळीवर डाव्या बाजूला १ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, साधारण २५ बाय १५ मिमीची पट्टी. ती तळाच्या रेषेत बसवून टोकाकडे अगदी किंचित, एक-दोन अंश, खाली वाकवायची. पाणी तिला वर ढकलतं आणि डावं अंग उचललं जातं. जास्त वाकवली तर तीच ब्रेक होते आणि होडीला पुन्हा डावीकडे ओढते, म्हणून हा उपाय शेवटी ठेवला आहे.

आता आपटण्याबद्दल. रिकाम्या नव्हे, बॅटरीसह पूर्ण सज्ज होडीच्या तळाखाली आडवी पेन्सिल धरून ती कुठे तोलते ते पाहा. वेगात पाण्यावर चढणाऱ्या व्ही-तळाच्या होडीचा तोल मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण ३० ते ३३ टक्क्यांवर हवा. तुमच्या होडीत म्हणजे १८ ते २० सेंमीवर. तो १६ वर असेल तर पुढचं टोक उचलतं, पडतं, पुन्हा उचलतं. तोल २ सेंमी पुढे आणायला ३०० ग्रॅमची बॅटरी १० सेंमी पुढे न्यावी लागेल (१५०० गुणिले २, भागिले ३००). बॅटरीच्या कप्प्यात तेवढी जागा नसेल तर कप्पाच लांब करा. शिसं भरू नका. वेगाच्या होडीत फुकटचं वजन म्हणजे मोटारीवरचा भार.

तोल बरोबर असूनही आपटत असेल तर दोष तळात आहे. होडी उलटी करून तळाच्या मागच्या २० सेंमीवर लोखंडी पट्टी उभी धरा आणि पलीकडून टॉर्च मारा. पट्टी मधे टेकून टोकांना डुलली, तर तळ फुगीर आहे. फुगीर तळाला पाणी चिकटतं, मागची बाजू खाली ओढली जाते आणि टोक उड्या मारतं. मधून उजेड दिसला तर तळ खोलगट आहे. तो टोक खाली दाबतो आणि होडी पाण्यात नाक खुपसते. इपॉक्सी पुटी भरून, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा. ठोकळ्याशिवाय, नुसत्या हाताने घासलं तर नवीन खळगे पडतील. मागच्या फळीची आणि बाजूंची खालची कड धारदारच राहू द्या. सुबक दिसावी म्हणून ती गोल करणं ही घरगुती होड्यांत सर्रास होणारी चूक आहे. गोल कडेवरून पाणी सुटत नाही, ते वळून वर चढतं आणि होडी कधी या अंगावर, कधी त्या अंगावर कलते.

हे सगळं करताना एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. शेवटी शिल्लक राहिलेली ओढ ट्रिमच्या दोन-तीन टिचक्यांत सुटली पाहिजे.

प्रश्न : ७० सेंमीची टगबोट (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटीची प्रतिकृती) केली आहे. पाण्यात ९ सेंमी बुडते. सुकाणू ४ बाय ३ सेंमीचं आहे. वळायला फार मोठी जागा लागते आणि वळताना घाबरवण्याइतकी डुलते. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : पाण्याखालची लांबी ६५ सेंमी धरली, तर बाजूचं क्षेत्रफळ ६५ गुणिले ९, म्हणजे ५८५ चौरस सेंमी. तुमचं सुकाणू १२ चौरस सेंमीचं, जेमतेम २ टक्के. संथ होडीला ४ ते ५ टक्के हवंच. टगबोटीला थोडं जास्त असलं तरी चालतं. ६ सेंमी उंच आणि ५ सेंमी रुंद सुकाणू करा. त्याचा दांडा पुढच्या कडेपासून १ सेंमीवर घ्या, म्हणजे पाचवा हिस्सा दांड्यापुढे राहील आणि सर्व्होवर (सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या मोटारीवर) ताण येणार नाही. पुढची कड गोलसर, मागची निमुळती. पंख्याच्या मागे ५ ते ८ मिमी अंतरावर आणि पंख्याच्या झोतातच ते बसलं पाहिजे. दोन्ही बाजूंना ३५ अंशांपर्यंत फिरू द्या. त्यापुढे पाणी सुकाणूवरून सुटतं आणि ते वळवण्याऐवजी होडी अडवतं.

पंख्याच्या पुढचा कण्याचा (तळाच्या मध्यरेषेवरच्या लाकडाचा) ठोकळा चौकोनी सोडला असेल तर तोही निमुळता करा. चौकोनी ठोकळ्यामागे पाणी घुसळतं, आणि पंख्याला व सुकाणूला तेच घुसळलेलं पाणी मिळतं.

डुलण्याचं कारण बहुतेक वरचं केबिन आहे. ते ६ मिमी प्लायचं असेल तर दीड-दोन मिमीच्या प्लायने किंवा फोमशीटने पुन्हा करा. वरचे १०० ग्रॅम कमी करणं हे खाली १०० ग्रॅम भरण्याहून चांगलं, कारण केबिन तोलबिंदूपासून जास्त दूर असतं. नंतर ठरलेली पाण्याची रेषा गाठण्यापुरतंच वजन तळाशी, मध्यरेषेवर भरा. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करून काढलेली जुनी वजनं मिळतात. ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे असल्याने अंदाज नेमका घेता येतो. आधी वाळूच्या पिशव्यांनी चाचणी, मग पक्कं चिकटवणं. होडीत चमचा-दोन चमचे पाणीही राहू देऊ नका. ते नेहमी कललेल्या बाजूलाच धावतं आणि डुलणं वाढवतं.

प्रश्न : मी नववीत आहे. माझी होडी उजवीकडे पटकन वळते, पण डावीकडे वळतच नाही. घरात टेबलावर सुकाणू दोन्हीकडे सारखं फिरतं. (एक विद्यार्थी, शहादा)

उत्तर : टेबलावर पाण्याचा जोर नसतो, म्हणून तिथे दोष दिसला नाही. सर्व्होपासून सुकाणूपर्यंतची तार तू पातळ घेतली असणार. तार ओढताना ताठ राहते, पण ढकलताना मधेच धनुष्यासारखी वाकते आणि सुकाणू अर्ध्यावरच थांबतं. सुकाणू बोटाने घट्ट धरून रिमोट डावीकडे दे, तार वाकताना दिसेल. त्या जागी सायकलचा २ मिमीचा स्पोक वापर. तार १५ सेंमीहून लांब असेल तर मधे रिकाम्या रिफिलचा तुकडा चिकटवून त्यातून ती ने. सर्व्हो नुसत्या डबल टेपवर असेल तर स्क्रूने बसव, कारण उन्हात टेप मऊ पडते. बाहेरून ऐटीत दिसणाऱ्या रंगाआधी हे काम कर.

प्रश्न : शिडाची होडी केली आहे, ८० सेंमीची. आमच्याकडे वारा भरपूर. झुळूक वाढली की होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते आणि थांबते. (एक वाचक, साक्री)

उत्तर : ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तालुक्यात वाऱ्याची तक्रार शिडाच्या होडीनेच करावी, हे योग्यच! वाऱ्याचा सगळा दाब शिडांच्या ज्या बिंदूवर एकवटतो, तो पाण्याखालच्या फिनच्या (तळाखालच्या उभ्या पात्याच्या) आधारबिंदूपेक्षा जास्त मागे पडला आहे. त्यामुळे मागची बाजू वाऱ्याबरोबर जाते आणि टोक वाऱ्याकडे वळतं. डोलकाठी मागे झुकली असेल तर आधी ती उभी करा. पुरलं नाही तर काठीचा पाया ५-५ मिमीने पुढे न्या. पुढचं शीड थोडं ताणा, मोठं शीड थोडं सैल सोडा. सुकाणू सोडलं असता होडी हळूहळू वाऱ्याकडे वळावी, इतपत ओढ राहू द्या. उलट झाली तर झुळुकीत ती वाऱ्यापासून दूर पळते आणि आवरत नाही.

होडी जितकी जास्त कलते, तितकी ही ओढ वाढते. म्हणून फिनखालचं वजन तपासा. एक मीटर लांबीच्या आयओएम या आंतरराष्ट्रीय वर्गात होडी किमान ४ किलोची आणि त्यातली फिन व शिशाचा बल्ब मिळून २.२ ते २.५ किलोचे असतात, म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमच्या होडीत हा वाटा तिसऱ्या हिश्शाइतकाच असेल, तर जोराच्या वाऱ्यात लहान शिडांचा दुसरा जोड वापरावाच लागेल.

प्रश्न : वेग वाढला की होडी थरथरते आणि सुकाणू झटके खातं. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : मोटार आणि पंख्याचा शाफ्ट (दांडा) जोडणारं कपलिंग सैल करा. मोटारीचा आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आहेत का पाहा. नसतील तर मोटारीच्या पायाखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालून रेषेत आणा. लवचीक शाफ्ट असेल तर मागच्या नळीत आणि पंख्याच्या बुडाशी शाफ्टला घट्ट धरणाऱ्या चापात ३ ते ६ मिमी फट ठेवा. जोर येताच असा शाफ्ट पिळून आखूड होतो आणि फट नसेल तर घासतो. पंख्याला गुंडाळलेलं शेवाळ किंवा नायलॉनचा दोराही काढा. होडी दर दोन-तीन वेळा चालवल्यावर शाफ्ट बाहेर ओढून पुसा आणि नवं ग्रीस भरा. सुकाणूचे झटके तरीही राहिले, तर रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, उभी आहे का ते बघा. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही.